उताऱ्याबाहेरचा कापूस

माझं शिक्षण चौथी. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बुढ्यानं लपवलं. चौथीलाही दोन वर्षं लागली. तरी आज खामगावात पंधरा-वीस पदवीधर पोरं-पोरी रोज सकाळी माझ्यासमोर वह्या उघडून बसतात आणि मी त्यांच्या चुका काढतो. या अंकाच्या संपादकांना हे कोणीतरी सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी विचारलं, कोणत्या? कागदोपत्री मी अभ्यासिकेचा रखवालदार. कुलूप उघडणं, झाडू मारणं, पाणी भरणं, जाताना पंखे बंद करणं. ते म्हणाले, ते नाही, दुसरं.

तर हे दुसरं. शब्द माझे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ नातीनं पाहिलं, बाकी कशाला तिला हात लावू दिला नाही.

सरकारी नोकरीच्या परीक्षेत एका प्रकारचा प्रश्न येतो. चार-सहा ओळींचा उतारा देतात आणि खाली विचारतात, यावरून कोणता निष्कर्ष निघतो? पर्याय चार. गंमत अशी की चारातले तीन बहुतेक वेळा खरे असू शकतात. असू शकतात, पण असलेच पाहिजेत असं नाही. उतारा खरा धरला की जे खरं असल्यावाचून राहूच शकत नाही, तेवढंच उत्तर. याला शाळा लागत नाही. याला जीभ आवरावी लागते, आणि ते शिकलेल्या माणसाला जड जातं.

मी ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात शिकलो. जिनिंग बंद पडेपर्यंत मी कापूस पारखायचं काम केलं, साहेब लोक त्याला ग्रेडर म्हणत. गाडी आली की वरून, मधून, तळातून मूठ-मूठ कापूस काढायचा. दाबून ओल पाहायची. बोटांनी ओढून धागा किती लांब ते पाहायचं. किडका पिवळा कापूस किती, पानांचा चुरा किती, ते पाहायचं आणि मग चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. मला शिकवणारे उस्ताद फार कमी बोलत. ते म्हणत, हात जेवढं सांगतो तेवढंच तोंडानं सांग. ओला आहे तर ओला म्हण. कोणी ओला केला, ते हाताला माहीत नाही.

अभ्यासिकेत हे कसं सुरू झालं ते सांगतो. एकदा मी व्हरांड्यात माठ धूत होतो आणि दोन पोट्टे भांडत होते. उतारा असा होता: गावात ज्यांच्या ज्यांच्याकडं विहीर आहे ते सगळे कांदा लावतात. गणपत कांदा लावतो. एक म्हणत होता, झालं, गणपतकडं विहीर आहे. दुसऱ्याला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, अरे, विहीरवाले कांदा लावतात असं लिहिलं आहे, कांदावाल्यांकडं विहीर असते असं कुठं लिहिलं आहे? गणपत शेजाऱ्याचं पाणी घेत असन.

त्यांनी मागं उत्तर पाहिलं. पहिला म्हणाला, "बुढ्याचा तुक्का लागला बे."

मला तुक्का शब्दाचा राग आला. म्हटलं, वाच दुसरा. त्यानं अकरा वाचले. माझे नऊ बरोबर आले. दोन चुकले ते 'अनिवार्यतः' म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं म्हणून. अर्थ कळल्यावर तेही आले. तोवर अभ्यासिका चालवणारे सर दारात येऊन उभे राहिले होते. तरुण माणूस, गणित फार चांगलं शिकवतात. म्हणाले, आबाजी, उद्यापासून सकाळी सात ते आठ तुम्ही खुर्चीवर बसा. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ते विचारणार नाहीत असं वाटलं म्हणून बसलो.

माणसं नाना तऱ्हेची आली. नांदुऱ्याहून एक पोलीस हवालदार येत, खात्यातली वरची परीक्षा द्यायची होती त्यांना. भला माणूस, पण उताऱ्यात शिरला की कोणाला तरी धरूनच बाहेर यायचा. एकदा उतारा आला: गोदामाचे कुलूप सकाळी तुटलेले आढळले. आदल्या रात्री रखवालदार आजारी असल्याने घरी होता. हवालदारांनी खूण केली, रखवालदाराचा चोरीत हात होता. मी म्हणालो, साहेब, चोरी झाली असंही लिहिलेलं नाही, नुसतं कुलूप तुटलं आहे.

"आबाजी, नोकरीत केस पिकले माहे. रखवालदारच असते."

"मी पण रखवालदारच हाव."

ते हळूच म्हणाले, "तुमचं नाही म्हनलं मी."

"मंग उताऱ्यातल्याचंही म्हनू नका."

ती परीक्षा त्यांना साधली नाही. पण पुढं एकदा बाजारात भेटले तर म्हणाले, आता पंचनाम्याला गेलो की आधी काय दिसलं ते लिहितो, काय वाटलं ते लिहीतच नाही, त्यामुळं साहेब म्हणतात तुमचे कागद फार लहान झाले. मी त्यांना चहा पाजला.

आता वनिताची गोष्ट.

वनिता बीबी गावची. सासरची भाजीपाल्याची शेती. वांगी, टमाटे, मेथी. हातात पदवी होती, लेकरं मोठी झाली होती, आणि परीक्षेच्या वयाची हद्द अगदी जवळ आली होती. तिनं घरात सांगितलं, ही एकच शेवटची देते, नाही झालं तर परत नाव काढणार नाही. सासऱ्यांनीच पाठिंबा दिला. मग ती खामगावला भावाकडं राहायला आली. हद्द म्हणजे हद्द. ती ओलांडली की अर्जच घेत नाहीत. त्यामुळं बाकीच्यांना 'पुढच्या वेळी' होतं, तिला नव्हतं, आणि हे अभ्यासिकेत सगळ्यांना माहीत होतं.

गणित, इतिहास, कायदे, सगळं तिचं चोख. मार खायची ती या उताऱ्यांत. कारण तिला फार माहीत होतं. उतारा पाण्याचा असो, बाजारभावाचा असो, खताचा असो, ती उत्तर घरून आणायची. एका उताऱ्यात लिहिलं होतं की अमुक बाजारात टमाट्याचा भाव पडला तेव्हा आवक वाढलेली होती. हिनं खूण केली, आवक वाढली म्हणून भाव पडला.

मी म्हणालो, दोन्ही एका वेळी झालं एवढंच लिहिलं आहे.

"आबाजी, असंच असतं. आमच्यात दरसाल व्हतं." बीबीकडची बोली जरा जालन्याकडं झुकते.

"तुमच्यातलं कोन इचारलं? यानं त्याच्या बाजाराचं इचारलं."

"त्याचा बाजार काय आभाळात हाय का?"

"कुठं हाय ते लिहिलंच नाही ना बाई त्यानं."

पोरं हसायची. ती हसायची नाही. मीही हट्टी, तीही हट्टी. पंधरा दिवस असे गेले. शेवटी मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी कोणाला सांगत नाही.

जिनिंगवर एकदा एका माणसाची कापसाची गाडी आली होती. वरचा कापूस कोरडा, तळचा कोरडा, मधला ओला. आमच्या धंद्यात मधला ओला म्हणजे वजनासाठी पाणी मारलं आणि वरून झाकलं, असं दहातून नऊदा असतं. मी उस्तादांचं विसरलो. सगळ्या गाड्यावाल्यांसमोर म्हणालो, यानं पाणी मारलं आहे. त्या माणसानं बैल जुंपले आणि गाडी वळवून घेऊन गेला. महिनाभरानं त्याच्या गावचा एक जण भेटला तेव्हा कळलं की त्याच्या घरात कापसाच्या गंजीशेजारी पाण्याचा रांजण होता, तो फुटला होता. त्यांनी वरून कोरडा दिसणारा कापूस गाडीत भरला. मधे ओल राहिली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो परत आमच्या जिनिंगवर कधी आला नाही. मी त्याच्या गावी जाऊन दोन शब्द बोलायला पाहिजे होते. गेलो नाही. ग्रेडर कशाला जाईल, असं वाटलं.

वनितानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओला हाय एवढंच म्हणले असते तर?"

"तर तोच म्हनला असता, हो का, पाहू द्या."

त्या दिवसानंतर ती सुधारली. उतारा वाचला की पर्याय पाहण्याआधी बोटानं उताऱ्याच्या भोवती एक रेघ ओढायची, हवेतच. रेघेच्या आतलं आपलं, बाहेरचं कोणाचं का असेना. तिचे दहातले सात येऊ लागले, मग आठ. मी घरी येऊन बायकोला रोज आकडा सांगायचो. बायको म्हणायची, परीक्षा तिची आहे का तुमची?

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा सरांनी सगळ्यांची सराव परीक्षा घेतली. तिच्यात एक उतारा होता, तो मला अजून तोंडपाठ आहे. एका जिल्ह्यात यंदा कपाशीचा पेरा गेल्या वर्षीपेक्षा कमी झाला. मात्र त्या जिल्ह्यातील जिनिंगमध्ये आलेला कापूस गेल्या वर्षीइतकाच होता. पर्याय असे. एक, एकरी उत्पन्न वाढले. दोन, बाहेरच्या जिल्ह्यातून कापूस आला. तीन, शेतकऱ्यांनी घरात साठवलेला जुना कापूस विकला. चार, पेरा कमी झाला म्हणजे जिनिंगमध्ये येणारा कापूस कमी होतोच असे नाही.

आमच्या पोरांचं काय झालं असेल ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ज्याच्या घरी भावासाठी कापूस दाबून ठेवतात त्यानं तीन लिहिलं. ज्याच्या बापानं यंदा नवीन बियाणं लावलं त्यानं एक लिहिलं. प्रत्येकानं आपापल्या घरचा कापूस उताऱ्यात आणून ओतला. चार नंबर फक्त दोघांनी लिहिला. एक बँकेतल्या साहेबाचा मुलगा, ज्याला कापसात सरकी असते हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि दुसरी वनिता.

सरांनी उत्तर वाचून दाखवलं, चार. आणि मी खुर्चीवरून उठलो.

मी म्हणालो, उत्तर दोन आहे. छापणाऱ्याची चूक झाली. मी माझ्या डोळ्यांनी ट्रक पाहिले आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातले, कुठल्या कुठल्या पाट्यांचे. पेरा कमी आणि आवक तेवढीच, म्हणजे बाहेरून आला, जिनिंगचं कुत्रंही सांगेल. सर म्हणाले, आबाजी, पण उताऱ्यात... मी म्हणालो, उतारा लिहिणाऱ्यानं जिनिंग पाहिलंय का? सरांनी कागद खाली ठेवला. मोठ्या माणसाला कोण टोकणार?

वनितानं टोकलं. "आबाजी, मी बोटानं रेघ वढली. तुमचे टरक रेघेच्या बाहेर ऱ्हायले."

"कापसातलं मले नको शिकू तू."

ती वही बंद करत म्हणाली, "मग मी कोनाचं ऐकू? कालच्या आबाजीचं का आजच्या?"

मी पंखे बंद करायला निघून गेलो. पंखे सकाळी आठला बंद करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वनिता आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी खुर्चीवर बसलो, पण माझं लक्ष दाराकडं. परीक्षा सहा दिवसांवर. मला कळत होतं की माझं चुकलं आहे. खरं सांगायचं तर त्याच दिवशी घरी जेवताना कळलं होतं. दोन नंबरही खरा असू शकतो, एकही, तीनही. चार मात्र त्या दोन ओळींतच बसलेलं आहे, त्याला बाहेरचं काही लागतच नाही. पण कळणं आणि कबूल करणं यांत माझ्या बाबतीत पहिल्यापासून बरंच अंतर आहे. तिकडं ती पोर आयुष्यातली शेवटची परीक्षा द्यायला निघाली होती, आणि मी तिचं बरोबर आलेलं उत्तर चारचौघांत चूक ठरवलं होतं. ती रुसली, खचली, आता येत नाही, असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या भावाच्या घरी गेलो. ऊन मरणाचं होतं. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती, वही बाजूला.

"आबाजी? या उन्हाचे?"

मी बसलोही नाही. म्हणालो, "तुहं बरोबर होतं. चार नंबर. माहं चुकलं."

"ते मला म्हाईत हाय."

"मंग येऊन काऊन नाही राह्यली? रुसली म्हून?"

"रुसली?" तिनं मेथी खाली ठेवली. "मामंजीच्या डोळ्याचं आपरेशन व्हतं. बीबीला गेलती. सकाळच्या गाडीनं आली. मी रुसली असं तुमाला कोनं सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. ती दोन दिवस आली नाही, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मी घरून आणलं होतं, पोरांनी कापूस आणला तसं. आता कबुली परत घेता येईना, तेव्हा पाणी मागितलं आणि बसलो.

ती पाणी देताना म्हणाली, बरं झालं आले. मग तिनं वही दाखवली. चार नंबर खोडून त्याच्यावर दोन लिहिलं होतं. म्हणाली, मला म्हाईत व्हतं चार हाय, पन तुम्ही एवढे ठाम, म्हनून गाडीत बसल्या बसल्या बदललं. हे ऐकून मी पेला खाली ठेवला. ही पोरगी परीक्षेतही असंच करणार होती, आलेलं उत्तर माझ्या नावानं खोडणार होती. मी तिच्याच पेनानं तो दोन खोडला आणि माझ्या हातानं चार काढला. माझा चार जरा वाकडा येतो, पण वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतही सगळ्यांसमोर सांगितलं. सर म्हणाले, जाऊ द्या आबाजी. मी म्हणालो, जाऊ कसं देऊ? माझ्यावर विश्वास ठेवून अजून कोणी खोडून दोन लिहिलं असेल तर? तीन पोट्ट्यांनी हळूच रबर काढलं.

परीक्षा झाल्यावर वनिता केंद्रावरून थेट अभ्यासिकेत आली. म्हणाली, उतारे सहा व्हते, एक तर वांग्यावरचा निघाला. मी कपाळाला हात लावला. वांग्यात तर तिचं आयुष्य गेलेलं.

"मंग काय केलं?"

"वांगं या जन्मात कधी पाह्यलंच नाही, असं धरून लिवलं."

यादी लागायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी कधी नाही ती पोथीसारखी एकेक बातमी वाचली. यादीत तिचं नाव आलं तेव्हा फोनवर तिच्याआधी सासरेच बोलले, आपल्या नव्या डोळ्यांनी त्यांनी नाव स्वतः वाचलं म्हणे. मग ती आली. रडत होती का हसत होती ते फोनवरून सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

त्यानंतर आमच्या अभ्यासिकेत जागा पुरेना. लोकांनी जोडून टाकलं की बुढ्याजवळ शिकलं की नोकरी लागते. मलकापुरातून, मेहकरातून पोरं येऊन दारात उभी राहायला लागली. मी प्रत्येकाला सांगतो, बाबा, वनिता माझ्याजवळ शिकली हे खरं, ती पास झाली हेही खरं. या दोन्हींच्या मधलं तुम्ही घरून आणलेलं आहे. त्याच वर्षी माझ्याजवळ शिकलेले इतके जण नापास झाले, त्यांना विचारा. तर ती म्हणतात, पाहा, किती नम्र माणूस आहे. आणि वही काढून बसतात. मी नम्र आहे असं या खामगावात आजवर कोणी म्हटलेलं नाही, आणि तेही यातून निघत नाही.

यादी लागली त्या दिवशी बायकोला मात्र घरी जाऊन मी सांगितलं, की पोरगी माझ्यामुळंच पास झाली. ती म्हणाली, असन. घरात कोणी चार पर्याय देत नाही, हे एक बरं आहे.